गाण्याच्या छोट्या बैठकीसाठी मिक्सर: जोडणीपासून रेकॉर्डिंगपर्यंत

सोसायटीचा हॉल किंवा देवळाचा सभामंडप. समोर साठ-सत्तर माणसं. गाणारा एक, साथीला पेटी आणि तबला, मोबाइलवर तानपुरा आणि मध्येमध्ये बोलणारा निवेदक. एवढ्या बैठकीला ट्रक भरून साऊंड लागत नाही. सगळे आवाज एकत्र करणारा, आठ-दहा चॅनेलचा (चॅनेल म्हणजे एकेका आवाजासाठीचा वेगळा मार्ग) साधा अ‍ॅनालॉग मिक्सर, स्टँडवर दोन अ‍ॅक्टिव्ह स्पीकर, म्हणजे आत स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असलेले, आणि चार बरे माईक असले की भागतं. मंडळातल्या कुणीही, थोडा कान देऊन, हे चालवावं यासाठी हा लेख.

एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं तिच्यावर बेतलेलं आहे. छोट्या जागेत बरंचसं गाणं माईकशिवायच पोचत असतं. तबल्याची चाट शेवटच्या रांगेत सहज ऐकू येते, पेटीही येते. कमी पडतो तो गळा, आणि त्यातही मंद्रातली आलापी. म्हणून मिक्सर सुरू करण्याआधी कलाकारांना दोन मिनिटं तसंच गायला-वाजवायला सांगा आणि शेवटच्या रांगेत जाऊन बसा. जे पोचत नाही तेवढंच मिक्सरने भरून काढायचं.

चॅनेल मोजताना

मिक्सरच्या नावातला आकडा बघून माईक मोजू नका. दहा चॅनेलचा म्हणून विकला जाणारा मिक्सर दहा माईक घेत नाही. यामाहाचा एमजी१०एक्सयू घ्या: माईकचे चॅनेल चार, बाकीचे स्टिरिओ जोड्यांचे, म्हणजे मोबाइल, लॅपटॉप, कीबोर्ड यांच्यासाठी. शिवाय त्यावर सरकते फेडर, म्हणजे आवाज कमी-जास्त करायच्या पट्ट्या, नाहीत, गोल नॉब आहेत. पुढे फेडर म्हटलं की अशा मिक्सरवर तो नॉब समजा. फेडर हवे असतील तर त्याच मालिकेतला बारा चॅनेलचा बघावा लागतो.

आता आपला हिशोब मांडू. गळा, पेटी, तबला, डग्गा: झाले चार. निवेदक पाचवा, आणि इथेच गाडी अडते. यातून वाट दोन प्रकारे निघते. तबल्या-डग्ग्याला मिळून एकच माईक लावायचा, छोट्या हॉलमध्ये त्याने काही बिघडत नाही. किंवा निवेदकाला कॉर्डलेस माईक द्यायचा आणि त्याच्या रिसीव्हरच्या मागचं लाइन (माईकपेक्षा जोरकस सिग्नलचं) आउटपुट मिक्सरच्या एखाद्या स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या, म्हणजे ‘मोनो’ लिहिलेल्या सॉकेटमध्ये लावायचं. मला दुसरा मार्ग पसंत आहे, कारण निवेदकाचा माईक गायकाच्या सेटिंगपासून वेगळा राहतो.

बहुतेक छोट्या मिक्सरमध्ये अ‍ॅम्प्लिफायर नसतो. अ‍ॅक्टिव्ह स्पीकर असतील तर मिक्सरचं मेन आउट (सगळं मिश्रण बाहेर देणारं सॉकेट) सरळ स्पीकरच्या इनपुटला जातं. तिथे लाइन आणि माईक असं बटण असेल तर ते लाइनवर ठेवा. मंडळाकडे आहुजाचा किंवा तसला जुना अ‍ॅम्प्लिफायर असेल तर मेन आउट त्याच्या ऑक्स इनपुटला द्यायचं. माईकच्या इनपुटला दिलंत तर आवाज फाटणारच.

मिक्सर कुठे ठेवायचा

प्रेक्षकांत. अर्ध्याच्या थोडं मागे, मधल्या रांगेच्या जवळपास. स्टेजच्या विंगेत किंवा स्पीकरच्या मागे बसून मिक्सिंग करणाऱ्याला लोकांना काय ऐकू येतंय हे कळूच शकत नाही. त्यासाठी लांब वायरी लागल्या तरी चालतील, माईकची वायर तीस मीटरची असली तरी काही होत नाही.

स्पीकर कलाकारांच्या पुढे, दोन्ही बाजूंना, कानाच्या उंचीच्या थोडे वर. स्पीकरचं तोंड कोणत्याही माईककडे नको. शिट्ट्यांचं अर्धं दुखणं इथेच संपतं, पुढे नॉब फिरवून ते तितकं बरं होत नाही.

वायरी आणि एक फसवा जॅक

माईकला तीन पिनांची वायर, जिला दुकानात कॅनन म्हणतात. पहिली पिन ग्राउंड, दुसरीवर मूळ सिग्नल, तिसरीवर तोच सिग्नल उलटा करून. मिक्सर या दोन्हींतला फरक घेतो, त्यामुळे वाटेत शिरलेली खरखर आपोआप वजा होते. म्हणून ही वायर लांब चालते. पेडल किंवा कीबोर्डची साधी एकेरी वायर मात्र पाच-सहा मीटरच्या पुढे नेऊ नये. न्यायचीच असेल तर मध्ये डीआय बॉक्स, म्हणजे साध्या वायरीचा सिग्नल माईकच्या तीन पिनांच्या वायरीत घालणारी डबी, लावा.

आता मोबाइलवरचा तानपुरा. मोबाइलच्या ३.५ मिलिमीटरच्या बारीक स्टिरिओ पिनेला बाजारात ईपी म्हणतात, आणि मिक्सरला लागणाऱ्या ६.३५ मिलिमीटरच्या जाड पिनेला पी-३८. एका टोकाला ईपी आणि दुसऱ्या टोकाला स्टिरिओ पी-३८ अशी सरळ वायर घेऊन ती मिक्सरच्या मोनो, म्हणजे माईकच्या, चॅनेलला लावली, तर मीटर हलत नाही आणि तानपुरा गायब! मोबाइल बिघडलेला नसतो. मोनो चॅनेलचं इनपुट बॅलन्स्ड असतं, म्हणजे वर सांगितल्याप्रमाणे दोन तारांमधला फरक घेणारं. तानपुऱ्याच्या अ‍ॅपचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही तारांवर सारखाच असेल तर फरक शून्य. कराओके ट्रॅक असाच लावला की मधला आवाज जातो आणि बाजूची वाद्यं तेवढी उरतात, तेही याच कारणाने. उपाय सोपा आहे: ईपीतून दोन वेगळे मोनो पी-३८ निघणारी वायर घ्या आणि ती दोन टोकं स्टिरिओ चॅनेलच्या डाव्या-उजव्या सॉकेटमध्ये लावा. मोबाइल विमान मोडवर टाका, नाहीतर भैरवीत कुणाचा तरी फोन येतो.

वीज

मिक्सर, स्पीकर, लॅपटॉप, सगळ्यांना वीज शक्यतो एकाच बोर्डवरून द्या. वेगवेगळ्या प्लगपॉइंटवरून दिली की दोन अर्थिंगमध्ये फरक पडतो आणि स्पीकरमधून ५० हर्ट्झची जाड गुणगुण सुरू होते. गुणगुण घालवायला प्लगची अर्थिंगची पिन कापणारे लोक मी पाहिले आहेत. ते करू नका, जिवाशी खेळ आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा, बऱ्याचदा दोषी तोच असतो. तेवढ्याने नाही गेली तर डीआय बॉक्सवरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबा, ते फक्त सिग्नलच्या वायरीतलं ग्राउंड सोडवतं, विजेच्या अर्थिंगला हात लावत नाही.

सुरू करताना आधी मिक्सर, सगळ्यांत शेवटी स्पीकर. बंद करताना आधी स्पीकर, मग मिक्सर. क्रम उलटा झाला की ‘धप्प’ असा दणका बसतो आणि तो स्पीकरच्या कोनला सोसावा लागतो.

आधी सगळं शून्यावर

स्पीकर चालू करण्याआधी प्रत्येक चॅनेलचा गेन पूर्ण डावीकडे, फेडर खाली, ऑक्स (मॉनिटरला, म्हणजे कलाकारांसमोरच्या स्पीकरला, वेगळा आवाज देणारा नॉब) आणि इफेक्ट (घुमाव देणारा) बंद. ईक्यूचे (आवाजातले खालचे, मधले, वरचे सूर कमी-जास्त करणारे) तिन्ही नॉब बारा वाजता, म्हणजे सरळ वर. पॅन, म्हणजे आवाज डाव्या-उजव्या स्पीकरकडे वळवणारा नॉब, तोही मध्ये. छोट्या हॉलमध्ये वाद्यं डावी-उजवी वाटून देण्याच्या भानगडीत पडू नये, डाव्या भिंतीजवळ बसलेल्याला उजवीकडे टाकलेली पेटी ऐकूच येत नाही.

कागदी चिकटपट्टी घेऊन चॅनेलच्या खाली नावं लिहा. समोरून कलाकार जसे बसलेले दिसतात त्याच क्रमाने चॅनेल लावले की घाईत हात चुकत नाही.

कंडेन्सर माईक, म्हणजे वीज लागणारा माईक, असेल तर त्याला फँटम, म्हणजे मिक्सरकडून माईकच्या वायरीतूनच जाणारी ४८ व्होल्टची वीज, लागतं. छोट्या मिक्सरवर त्याचं बहुधा एकच बटण असतं आणि ते सगळ्या माईक चॅनेलना वीज देतं. वीज न लागणाऱ्या साध्या डायनॅमिक माईकला त्याने काही होत नाही, वायर धड असली की झालं. रिबन माईकला मात्र इजा होऊ शकते. बटण दाबताना आणि सोडताना फेडर खाली असू द्या.

गेन: इथे वेळ घालवा

चॅनेलच्या सर्वांत वरचा नॉब गेनचा. माईकमधून येणारा सिग्नल अगदी क्षीण असतो, त्याला मिक्सरच्या कामाच्या पातळीवर आणणं एवढंच याचं काम. हा नॉब म्हणजे आवाज लहान-मोठा करायचा नॉब नव्हे. कमी ठेवलात तर पुढे फेडर वर ढकलावे लागतात आणि सोबत ‘स्स्स’ अशी सळसळही वर येते. जास्त ठेवलात तर आवाज वरच्या वर फाटतो, आणि एकदा फाटलेला आवाज खाली फेडर ओढून दुरुस्त होत नाही.

एकेका चॅनेलचं करायचं. चॅनेलवर पीएफएलचं बटण असेल तर ते दाबा, आता मीटरवर फक्त तोच चॅनेल दिसेल आणि हेडफोनवरही तोच ऐकू येईल. बटण नसेल तर चॅनेलचा फेडर शून्याच्या खुणेवर (तळाशी नव्हे, ‘0’ लिहिलंय तिथे) ठेवा, मेनही तसाच, आणि मेनचा मीटर बघा. मग गायकाला गायला सांगा.

खरी मेख इथे आहे. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग’ यावर गेन लावू नका. चाचणीच्या वेळी गायक नेहमी संकोचून, अर्ध्या आवाजात गातात, आणि मैफल रंगली की तार सप्तकातल्या पंचमापर्यंत जाऊन तान टाकतात. तेव्हा लाल दिवा लागतो. म्हणून ‘आज तारेत जिथपर्यंत जाणार आहात तिथपर्यंत एकदा जोरात जा’ असं स्पष्ट सांगा. त्या आवाजाला मीटर शून्याच्या थोडा वर जावा आणि पीकचा लाल दिवा लागू नये, एवढा गेन ठेवा. मंद्रात तो बराच खाली दिसेल. दिसू द्या, काळजी करू नका. तबल्यालाही ठेका धरून नव्हे, जोरकस तिहाई वाजवून घेऊन गेन लावा. तबलजी नेहमी आनंदाने करतात हे काम.

गेन लागला की त्याला पुन्हा हात नाही. मैफल सुरू असताना गेन फिरवला तर त्या चॅनेलचा फेडर, मॉनिटर आणि इफेक्ट असं सगळंच एका वेळी बदलतं. पुढचं सारं काम फेडरवर.

माईक कुठे, किती लांब

ईक्यूच्या नॉबपेक्षा माईक चार बोटं सरकवण्याने जास्त फरक पडतो. गायकासाठी शुअर कंपनीचा एसएम५८ किंवा त्याच्या जातीचा कुठलाही डायनॅमिक माईक चालतो. १९६६ पासून तो जगभर स्टेजवर आहे आणि आपटला तरी चालू राहतो. बसून गाणारा गायक मान हलवतो, हात उंचावतो, डोळे मिटून मागे जातो. माईक तोंडाला चिकटवला तर प्रत्येक हालचालीला आवाज वर-खाली होतो. एक वीतभर अंतर ठेवा, म्हणजे हे चढउतार सौम्य होतात. फार जवळून गायलं की खर्ज फुगतो, तोही त्रास कमी होतो. मात्र अंतर दुप्पट केलं की पातळी साधारण ६ डीबीने (डेसिबल, आवाजाच्या पातळीचं माप) उतरते, म्हणून वीतभराच्या पलीकडे फारसं जाऊ नये.

तबल्याला शुअरच्याच एसएम५७ सारखा माईक उत्तम. एकच माईक असेल तर तबला आणि डग्गा यांच्या मधोमध, वीतभर वर, तोंड किंचित डग्ग्याकडे झुकवून. तबल्याची किनार तशीही हॉलभर पोचते, डग्ग्याचा घुमारा मात्र पोचत नाही. तबलजीच्या हाताला आणि हातोडीला जागा सोडा. तबला लावताना त्याला दर वेळी माईक बाजूला सारावा लागला तर तो माईक पुन्हा जागेवर येत नाही.

पेटीचा आवाज वरून निघतो. माईक वरच्या फळीच्या वर, एक-दीड वीत अंतरावर, बाजूने आत झुकवलेला. भात्यासमोर माईक ठेवलात तर सूर कमी आणि हवेची फुसफुस जास्त ऐकू येते. आणि माझं ठाम मत: छोट्या हॉलमध्ये पेटी फेडरवर शक्य तितकी खाली ठेवावी. पेटी आणि गळा एकाच पट्ट्यात वावरतात. पेटी चढली की गळ्यातल्या मींडा तिच्याखाली दबतात.

टाळ, झांज, चिपळ्या यांना माईक लावूच नका. भजनी मंडळाच्या कार्यक्रमात त्या बाकीच्या माईकमध्ये इतक्या शिरतात की प्रश्न त्या कमी कशा करायच्या हा असतो.

ईक्यू: आधी कापा

गळ्याच्या आणि पेटीच्या चॅनेलवर लो-कट दाबून टाका. ८० किंवा १०० हर्ट्झच्या खालचा पंख्याचा वारा, स्टँडचे धक्के, सतरंजीवर हलणारे गुडघे सगळे जातात, गळ्याचं फारसं काही जात नाही. डग्ग्याच्या चॅनेलवर मात्र दाबू नका, त्याचा घुमारा तिथेच आहे.

तीन नॉबांचा ईक्यू साधारण असा असतो: खालचा १०० हर्ट्झच्या आसपास, मधला २.५ किलोहर्ट्झवर, वरचा १० किलोहर्ट्झच्या आसपास. आवाज घोगरा वाटला की वरचा नॉब वाढवायची उबळ येते. त्याआधी खालचा थोडा कमी करून ऐका, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. पेटी कानाला टोचत असेल तर मधला दहा-अकरा वाजेपर्यंत उतरवा. एखादा नॉब तीनच्या पुढे किंवा नऊच्या मागे न्यावा लागतोय असं दिसलं, तर ईक्यू सोडा आणि उठून माईक सरकवा.

शिट्टी

स्पीकरमधला आवाज माईकमध्ये परत शिरतो, पुन्हा स्पीकरमधून निघतो, आणि हे चक्र वाढत जातं. ज्या सुराला हॉल, माईक आणि स्पीकर तिघेही अनुकूल असतात तो सूर आधी गायला लागतो. माईक जितके जास्त उघडे तितकी ही भीती जास्त: उघड्या माईकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीपूर्वीची मोकळीक साधारण ३ डीबीने आटते. म्हणून निवेदकाचा माईक तो बोलत नसताना म्यूट. नियम म्हणूनच.

लोक यायच्या आधी मेन फेडर हळूहळू वर न्या आणि घुमायला कुठे लागतं ते बघा. ज्यांचा कान तयार आहे त्यांना एक सोय आहे: घुमणारा सूर पेटीवर शोधायचा. तो काळी एकला जुळला तर २७७, ५५४, ११०९ किंवा २२१७ हर्ट्झ, सप्तकाप्रमाणे. तीक्ष्ण शिट्टी असेल तर ती शेवटच्या आकड्याच्या आसपास आणि ईक्यूच्या मधल्या नॉबच्या आवाक्यात. खालच्या सप्तकातली ‘हूं’ असेल तर तीन नॉबांत त्याला औषध नाही. स्पीकर आणखी पुढे घ्या, माईक गायकाच्या जवळ आणा. त्यानंतर मेन फेडर घुमण्याच्या जागेपासून स्पष्ट खाली ठेवून कार्यक्रम चालवा. माणसं भरली की त्यांचे कपडे आवाज शोषतात आणि थोडी मोकळीक आणखी मिळते.

मॉनिटर

कलाकारांना स्वतःचं ऐकू यावं म्हणून समोर ठेवलेला स्पीकर. तो ऑक्सवरून चालवतात. ऑक्स प्री-फेडर, म्हणजे फेडरच्या आधीच आवाज घेणारा, असेल तर तुम्ही हॉलसाठी फेडर हलवला तरी कलाकाराला फरक जाणवत नाही, तसाच हवा. काही छोट्या मिक्सरवर एकच ऑक्स असतो आणि तो इफेक्टसाठी पोस्ट-फेडर, म्हणजे फेडरनंतरचा, असतो. प्री-पोस्टचं बटण असलं तर प्री करा.

साध्या माईकची पाठ सर्वांत बहिरी असते, म्हणून मॉनिटर बरोबर माईकच्या पाठीमागे येईल असा ठेवा. त्यात तानपुरा पुरेसा, गळा थोडा, तबला अगदी चिमूटभर. गायकाने ‘मॉनिटर वाढवा’ म्हटलं की लगेच वाढवू नका. आधी त्यातली पेटी कमी करून विचारा, ‘आता येतंय का?’ बहुतेकदा येत असतं.

रिव्हर्ब

म्हणजे मिक्सरने दिलेला घुमाव. थोडा, गळ्यावरच. लोकांना तो आहे हे कळता कामा नये, काढल्यावर काहीतरी गेलं एवढंच जाणवावं. सभामंडपाला दगडी भिंती असतील तर तोही नको, देऊळ तो फुकट देतं. निवेदकाच्या चॅनेलवर शून्य.

मैफल सुरू झाल्यावर

हात गळ्याच्या फेडरवर, नजर कलाकारांवर. आलापी हळू आहे म्हणून फेडर चढवत नेऊ नका. ती हळूच असायला हवी, श्रोते शांत होतात ते त्यामुळेच. अंतऱ्यात गायक चढला तर त्याला ओढूनही घेऊ नका, फारच टोचलं तर केसभर उतरवा. तबल्याला लेहऱ्याची किंवा लग्गीची जागा मिळाली की त्याचा फेडर थोडा वर, आणि समेवर येऊन गाणं परत सुरू झालं की पूर्वीच्या जागी. या वेळी कुणीतरी येऊन ‘आवाज कमी आहे’ म्हणेलच. तो कुठे बसलाय ते विचारा आणि तिथे स्वतः जाऊन ऐका.

कार्यक्रम उघड्या मांडवात असेल तर २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकर बंद. भैरवी कधी घ्यायची ते आधी ठरवून ठेवा.

रेकॉर्डिंग

मिक्सरला यूएसबी असेल तर लॅपटॉप जोडून मेनचं स्टिरिओ मिश्रण रेकॉर्ड होतं. दुसऱ्या दिवशी ऐकलं की मात्र निराशा होते: गळा नुसता नाकासमोर, तबला कुठेतरी दूर, पेटी जवळजवळ नाहीच. यात मिक्सरचा काही दोष नाही. आपण सुरुवातीपासून फक्त उणीव भरून काढत आलो. तबला हवेतून पोचत होता म्हणून त्याचा फेडर खाली होता, आणि यूएसबीतून फक्त फेडरवरचं जातं, हवेतलं जात नाही.

म्हणून मिक्सरजवळ एक छोटा स्टिरिओ रेकॉर्डर किंवा चांगला मोबाइल स्टँडवर ठेवून हॉलचा आवाज वेगळा रेकॉर्ड करा. सुरुवातीला कुणालातरी गायकाच्या माईकसमोर एकदा टाळी वाजवायला सांगा. नंतर लॅपटॉपवर दोन्ही ट्रॅक त्या टाळीवर जुळवायचे. हॉलचा ट्रॅक काही मिलीसेकंद मागे असतो, कारण आवाजाला एक मीटर यायला जवळपास ३ मिलीसेकंद लागतात. तेवढा तो लॅपटॉपवर डावीकडे, म्हणजे लवकर वाजेल असा, सरकवला की तबल्याचे बोल दुहेरी वाजत नाहीत. आधी हॉलचा ट्रॅक पूर्ण ठेवा, मग मिक्सरचा हळूहळू वाढवत न्या आणि शब्द स्वच्छ कळायला लागले की थांबा.